तपासनीस बाई घरी येतात

तपासनीस बाई यायच्या होत्या त्या दिवशी भाऊजींनी सकाळपासूनच घर ताब्यात घेतलं.

नुकसानभरपाईच्या दाव्याचं सगळं पहिल्यापासून त्यांनीच पाहिलं होतं. अर्ज त्यांनी लिहिले, कचेऱ्यांचे उंबरे त्यांनी झिजवले, लाँड्रीच्या वकिलाशी हमरीतुमरीवर तेच आले. उभी हयात कारकुनीत गेलेला माणूस. कुठल्या टेबलावर नम्र व्हायचं आणि कुठल्या टेबलावर आवाज चढवायचा हे त्यांना बरोबर कळे. त्यामुळे हात धाकट्या सुनेचा गेला असला, तरी त्या हाताबद्दल शेवटचा शब्द थोरल्या दिरांचाच, असं घरात आपोआप ठरून गेलं होतं.

"हे काय ठेवलंय इथे?" खिडकीतल्या खुर्चीवरचा कोट उचलून त्यांनी विचारलं.

"शेजारच्या मास्तरांचा आहे. कोपरात फाटलाय. रफू करायला दिलाय," धाकटी म्हणाली.

"रफू!" भाऊजींनी कोट असा धरला, की जणू चोरीचा माल सापडला. "अगं, आज घरात रफूचा कोट? उचल तो. नको, तू नको उचलूस. ताईला उचलू दे. आजपासूनच सवय कर."

त्यांची बायको, म्हणजे धाकटीची थोरली जाऊ, रात्रपाळी करून नुकतीच आली होती. इस्पितळात आयाचं काम करणारी ती बाई उभ्याउभ्या झोपू शकेल इतकी दमलेली दिसत होती. तिने कोट घेतला, सुया-दोऱ्यांचं सगळं सामान गोळा केलं आणि आतल्या खोलीत नेऊन टाकलं. जाताना म्हणाली, "मास्तर कोट मागायला आले मधेच, तर त्यांनाही पलंगाखाली सरकवू का?"

धाकटीला हसू आलं. भाऊजींना आलं नाही.

रफूचं काम तिच्या बापाचं. लहानपणी त्याच्याजवळ बसून ती शिकली होती, पण लग्नानंतर लाँड्रीत लागली तशी सुई सुटली. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी तिथे ढिगाने येत. धुऊन निघालेली ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची आणि तापलेल्या रुळांच्या मधे सरकवायची. रुळांच्या पुढे एक आडवी दांडी असे. तिला हात लागला की यंत्र थांबायचं. पण दांडीला चादरीचा नुसता पदर लागला तरी यंत्र थांबे, काम तुंबे, म्हणून मुकादमाने ती तारेने बांधून ठेवलेली. एका दुपारी चादरीच्या दुमडीत धाकटीचा उजवा हात अडकला आणि चादरीबरोबर आत गेला. तीन बोटं जागच्या जागी गेली. उरलेली दोन आहेत, पण ती वळत नाहीत, आणि तळवा भाजून आखडला तो आखडलाच.

पुढे वर्षभराने डावा हात घेऊन ती परत सुईकडे वळली. पहिले कित्येक महिने नुसता दोरा ओवता ओवता रडायची. आता मात्र गल्लीतली माणसं मुद्दाम तिच्याकडे कपडे आणत. कोपरावरचं फाटलेलं कुठे होतं ते मालकालाही सापडत नसे. तिच्या दृष्टीने ही तीन वर्षांतली एकच कमाई होती, आणि आज नेमकी तीच लपवायची होती.

लपवायचीही होतीच, हे तिलाही कबूल होतं. कायमचं पूर्ण अपंगत्व ठरलं तर जन्मभर दरमहा काहीतरी मिळणार होतं. अंशतः ठरलं, तर एकदा हातावर काहीतरी टेकवून लाँड्री तिला 'हलक्या कामावर' परत बोलावणार. हलकं काम म्हणजे त्याच शेडमध्ये, त्याच रुळांच्या शेजारी बसून टॉवेल मोजायचे. शेजारीण इस्त्री करत असली, गरम ओल्या कापडाचा वास जिन्यात आला, तरी धाकटी दार लावून घेई. तिथे परत जायची कल्पना मनात आली की ती दुसरा कुठलाही विचार करू शकत नसे. म्हणून भाऊजी म्हणतील ते करायला ती तयार झाली होती.

"हे बघ," भाऊजी समोर स्टूल ओढून बसले. "बाई विचारतील, जेवता कशा? तर सांगायचं, भरवावं लागतं."

"कोण भरवतं?"

"कोण म्हणजे? आई भरवते."

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी कधी भरवलंय? माझेच हात कापतात."

"आई, आजच्या दिवस कापू देऊ नकोस."

"आणि डावा हात?" धाकटीने विचारलं. "तो तर दिसतोय धडधाकट."

"त्याला जोर नाही. वस्तू धरली की थरथरतो. थरथरव बघू."

धाकटीने डावा हात पुढे केला आणि थरथरवला. खिडकीशी उभ्या असलेल्या नवऱ्याने मान फिरवून बाहेर रस्त्याकडे पाहिलं. तो शाळेची गाडी चालवायचा. मुलं भरून नेताना त्याची बडबड थांबत नाही असं लोक सांगत. घरात मात्र त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दाढ उपटण्यासारखं.

"जरा कमी," भाऊजी म्हणाले. "इतका कापला तर बाईंना वाटेल ताप आलाय."

तपासनीस बाई दुपारी आल्या. साध्या चपला, खांद्याला जड पिशवी, जिने चढून लागलेली धाप. धाकटीने मनात कुणीतरी करडी, चिरक्या आवाजाची बाई धरली होती. या तर पाणी मागून घेणाऱ्या, सासूबाईंना "तुम्ही बसा हो" म्हणणाऱ्या निघाल्या. त्यामुळे उलट तिला जास्तच चोरट्यासारखं झालं.

बाईंनी तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला, उलटासुलटा केला, उरलेली बोटं हळू वळवून पाहिली. दुखलं तेव्हा धाकटी कळवळली, आणि हे खोटं नव्हतं म्हणून तिला क्षणभर बरंच वाटलं. मग बाईंनी टेबलावर एक नाणं ठेवलं आणि उजव्या हाताने उचलायला सांगितलं. ते जमणं शक्यच नव्हतं.

"आता डाव्याने."

धाकटीने डावा हात थरथरवत नाण्यापाशी नेला. सुईच्या टोकाला धाग्याचा एकेक पीळ ओळखणारी ती बोटं नाण्याच्या कडेवर घसरू द्यायची होती. तिने ती घसरू दिली. नाणं घरंगळून खाली पडलं आणि सासूबाईंच्या पायाशी जाऊन थांबलं. कुणी ते उचललं नाही. उचलायचं कुणी, हे भाऊजींनी ठरवून दिलेलं नव्हतं.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आता घरच्यांशी बोलते. एकेकाने सांगा. यांचं करताना तुम्हाला काय काय सोसावं लागतं? मला पाठ केलेलं नको. रोजचं सांगा."

भाऊजींनी घसा साफ केला, पण बाईंनी थोरल्या जावेकडे पाहिलं. "तुम्ही सांगा आधी."

जावेचे डोळे झोपेने लाल झाले होते. धाकटीला वाटलं, आता ही 'मी वेणी घालते, मी भरवते' असं सकाळी ठरलेलं म्हणून दाखवणार.

"पहिलं वर्ष मी हिला न्हाऊ घातलं," जाऊ म्हणाली. "मलमपट्टी मी केली. दुखायचं तेव्हा मला चावली आहे ही. इस्पितळात दिवसभर दुसऱ्यांचं काढायचं आणि घरी येऊन हिचं काढायचं. माझी लेक बाळंत झाली, मला बोलावणं आलं. मी गेले नाही. घरात कुणी 'जा' म्हणालंच नाही ना. सगळे धरूनच चालले की मी आहे करायला. लेक अजून माझ्याशी नीट बोलत नाही."

भाऊजी पुढे सरसावले. "म्हणजे बघा बाई, किती—"

"तुम्ही थांबा," बाई म्हणाल्या आणि सासूबाईंकडे वळल्या. "आजी, तुम्ही?"

सासूबाई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत म्हणाल्या, "काय सांगू? ती ताटावर बसली की मी आपली दुसरीकडे बघते. तो हात ताटाजवळ आला की घास उतरत नाही माझ्या घशाखाली. म्हणून मी आधी जेवून घेते. भूक लागली नसली तरी."

धाकटीला आठवलं, सासूबाई आताशा लवकर जेवतात. वयामुळे असेल, असं ती समजत होती.

"आणि तुम्ही, त्यांचे यजमान?"

नवरा अजून खिडकीशीच होता. भाऊजींनी त्याला डोळ्यांनी खूण केली, सकाळी शिकवलेलं वाक्य ओठांनीच पुटपुटून दाखवलं. पण तो भावाकडे बघतच नव्हता.

"मी भिंतीच्या बाजूला झोपायचो पूर्वी," तो म्हणाला. "आता ही भिंतीकडे झोपते, तोंड तिकडे करून. मी हाक मारत नाही. लोकांना वाटतं मी समजून घेतो. झोपेत कधी तो हात माझ्या अंगावर पडतो. मी उठून गाडीत जाऊन झोपतो मग. मला भीती वाटते त्याची. का वाटते, मला नाही सांगता येत."

खाली कुठेतरी एक गाडी चालू होत नव्हती आणि कुणीतरी ती पुन्हा पुन्हा चालू करत होतं.

बाईंनी लिहिणं थांबवलं. "तुम्ही ऐकलंत," त्या धाकटीला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खाली आला. "तुमचं स्वतःचं सांगा. तुम्हाला काय काय करता येतं?"

आतल्या खोलीत मास्तरांचा कोट होता. त्याच्या कोपरात उभ्या धाग्यांचा ताणा निम्म्याहून जास्त भरून झाला होता. धाकटीच्या तोंडापर्यंत ते आलं होतं. सांगितलं असतं तर निदान या माणसांच्या समोर एकदा सांगून झालं असतं. पण तिला शेडमधला तो वाफेचा वास आला, आणि ती म्हणाली, "काही येत नाही."

"आणि हे सगळे म्हणतात ते?"

"खरं आहे," धाकटी म्हणाली.

बाई गेल्या. भाऊजी त्यांना खाली रस्त्यापर्यंत पोचवून, दोन-दोन पायऱ्या चढत वर आले, ते हसतच.

"जिंकलो! चेहऱ्यावरून कळतं मला. अरे, मी काय काय शिकवून ठेवलं होतं आणि तुम्ही तर माझ्यावर ताण केलीत!" त्यांनी भावाच्या पाठीत थाप मारली. "ते गाडीत जाऊन झोपायचं कुठून सुचलं रे तुला? माझ्याच अंगावर काटा आला."

नवऱ्याने गाडीची किल्ली उचलली आणि तो जिना उतरून गेला. शाळा सुटायला अजून अवकाश होता.

"आई, आणि तू! घास उतरत नाही म्हणे!"

सासूबाई धाकटीकडे न बघता म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणून बोलले हो मी. माझ्या मनात काही नाही." आणि मग, कुणी काही विचारलेलं नसताना, "मनात असायला काय झालंय?"

धाकटी आतल्या खोलीत गेली. जाऊ पलंगावर आडवी पडली होती, पण झोपली नव्हती.

"ताई, मी तुम्हाला चावले होते?"

"दंडाला. वण आहे."

"मला आठवत नाही."

"तुला कसं आठवेल? तू शुद्धीवर कुठे होतीस."

"लेकीकडे जायचं होतं, तर मला सांगायचं ना."

"तुला सांगून काय झालं असतं?" जाऊ उठून बसली. "तू 'जा' म्हणाली असतीस, आणि मी गेले नसतेच. पण कुणी 'जा' म्हणालं एवढं तरी राहिलं असतं." तिने तोंडावरून हात फिरवला. "बघ, ते दोघं आता तुला सांगतील की आम्ही दाव्यासाठी बोललो. मी तसं सांगणार नाही. मी बोलले ते बोलले. राग आला असेल तर धर माझा."

"नाही आला," धाकटी म्हणाली. आणि तिला खरोखरच आला नव्हता. त्या घरात त्या दिवशी जिच्याजवळ बसता येईल अशी ती एकटीच उरली होती.

निकाल लागला तो भाऊजींच्या मनासारखा. कायमचं, पूर्ण. घरात गोड झालं, भाऊजींनी सगळ्यांसमोर तो कागद दोनदा वाचला. मात्र कागदाच्या शेवटी एक अट होती: वेळोवेळी फेरतपासणी होईल, आणि ती कधी होईल हे आधी कळवलं जाणार नाही. लाँड्रीचा वकीलही काही झोपलेला नव्हता. गल्लीत कुणाकुणाला विचारत फिरणारा एक माणूस लोकांनी पाहिला होता.

तेव्हापासून घराला वेगळीच शिस्त लागली. मास्तरांचा कोट निम्म्या रफूसह परत गेला. "तिला आता होत नाही हो," असं भाऊजींनी त्यांना दारातच सांगितलं. मास्तरांनी आत डोकावून धाकटीकडे पाहिलं आणि ती मान खाली घालून बसून राहिली. भांडी सासूबाई घासू लागल्या आणि प्रत्येक भांडं आपटून ठेवू लागल्या. धाकटी झाडू घ्यायला उठली की कुणीतरी म्हणे, "बस, बस. दार उघडं आहे." पैसे महिन्याच्या महिन्याला येत. भाऊजींनी वरचा मजला चढवायला काढला, आणि दिवसभर डोक्यावर ठोकाठोक ऐकत ती खुर्चीत बसू लागली. नवरा आताशा बरेचदा गाडीतच झोपे. कारण विचारावं असं दोघांनाही वाटत नव्हतं. ते बाईंच्या पुढ्यात सांगून झालं होतं.

अशाच एका सुटीच्या दुपारी सगळे घरात असताना दारात चष्मेवाली उभी राहिली.

लाँड्रीत धाकटीच्या समोरच्या टोकाला चादर धरणारी ती. वाफेने चष्म्यावर धुकं धरायचं, सारखी पुसत बसायची, म्हणून तिला सगळे चष्मेवाली म्हणत. अपघाताच्या दिवशी यंत्राचं बटण बंद करायला धावली होती ती हीच. आज तिच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत पांढरं बांधलेलं होतं, आणि त्याचा आकार पाहूनच धाकटीला आत काय उरलंय ते कळलं.

"त्याच रुळात?"

"त्याच," चष्मेवाली म्हणाली. "तुझ्यानंतर वर्षभर दांडी सोडलेली होती. मग नवा मुकादम आला."

सासूबाई "अगं बाई, अगं बाई" म्हणत राहिल्या. जावेने तिला खुर्ची दिली. चष्मेवाली बसली, पण खोलीत आणखी कुणी नाहीच अशी धाकटीकडेच बघत राहिली.

"घरी आल्यापासून सगळं लेक करते माझं. चौदा वर्षांची पोर, शाळेत जायच्या आधी आईला कपडे घालते. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुझं ऐकलं होतं मी. डाव्या हाताने सुईसुद्धा चालवतेस म्हणे. मला सुई नको. मला माझे कपडे घालता आले तरी पुष्कळ झालं. शिकवशील?"

धाकटी काही बोलायच्या आत भाऊजी म्हणाले, "तुम्ही चुकीचं ऐकलंत. तिला काही येत नाही. सरकारी कागदावर आहे तसं."

चष्मेवाली गोंधळली. "पण मास्तरच सांगत होते—"

"मास्तरांना काय कळतं? अहो, तुमचाही दावा असेल ना? मग एक फुकटचा सल्ला देतो. काही शिकूबिकू नका. आत्ता तर मुळीच नको."

चष्मेवालीने धाकटीकडे पाहिलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती मान हलवली आणि उठायला म्हणून सवयीने उजवा हातच खुर्चीच्या दांडीवर टेकला. तिच्या तोंडातून बारीक आवाज निघाला.

"बस खाली," धाकटी म्हणाली.

ती उठली. चष्मेवालीचं गळ्याजवळचं बटण चुकीच्या काजात गेलेलं तिला मघाच दिसलं होतं. पोरीने घाईत घातलेलं.

"भाऊजी, तुम्ही जरा बाहेर व्हा. आणि अहो, तुम्हीही."

"म्हणजे?" भाऊजी म्हणाले.

"हिला बटणं लावायला शिकवायचंय. कपडे काढल्याशिवाय ते शिकवता येत नाही. पुरुषमाणसं कशाला इथे?"

भाऊजींचा चेहरा उतरला. नवरा लगेच उठून जिन्यात गेला. त्याला जायला कारण मिळालं की तो थांबत नसे. भाऊजी मात्र उंबऱ्यात अडले. आवाज दाबून म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे का? कुणी पाहिलं तर? उद्या तपासणीला माणूस आला आणि हिलाच विचारलं तर काय सांगेल ही? वरचं काम अर्ध्यात आहे माझं!"

"तुमचं आहे," धाकटी म्हणाली. "हात माझा आहे."

"ताईला विचार! सांग गं हिला तू तरी."

थोरली जाऊ जागची हलली नाही. "मला काय विचारता?" ती म्हणाली. "तुम्ही बाहेर होताय ना? मी दार लावून घेते."

तिने लावलंही. पलीकडे भाऊजी काहीतरी बोलत राहिले, मग जिन्यावर त्यांची पावलं वाजली. सासूबाईंनी तोंड फिरवून घेतलं, आणि या खेपेस धाकटीला ते चांगलंच दिसलं.

तिने स्टूल ओढलं, चष्मेवालीच्या समोर बसली आणि स्वतःच्या कपड्याची बटणं वरपासून खालपर्यंत काढली. मग डाव्या हाताच्या अंगठ्याने काज ताणून, बटणाची कड आत ढकलून, एकेक लावून दाखवलं.

"कापड ओढायचं नाही. बटण ढकलायचं. उजव्या हाताने नुसतं दाबून धर, दुखणार नाही इथे. हं. आता तू."

चष्मेवालीने प्रयत्न केला. बटण निसटलं. पुन्हा केला, पुन्हा निसटलं. कपाळावर घाम आला, चष्मा नाकावरून घसरला आणि तो वर सारायलाही हात मोकळा नव्हता. जावेने तो सारून दिला.

"नाही गं जमत," ती म्हणाली. आता मात्र ती रडू लागली होती.

"आज नाहीच जमायचं," धाकटी म्हणाली. "रड आणि लाव."